शंभर गुणिले बेचाळीस

पूल झाला त्या सालापासून
ओस्मोकडे ऐकायला इंजिन उरलं नाही.
मग भाच्यानं टाकून दिलेला संगणक
त्यानं जेवणाच्या टेबलावर आडवा घातला,
कुशीचं झाकण काढलं,
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाला, बघू.

एकतीस वर्षं फेरीबोटीच्या पोटात
डिझेलचे फेरे त्याला तळपायांनी कळायचे.
मिनिटाला साडेसातशे: जरा आजारी.
आठशे: बरं चाललंय.
हे मात्र सेकंदाला साडेतीन अब्ज.
त्यानं आकडा लिहिला, शून्यं मोजली,
पुन्हा मोजली,
आणि गोठलेल्या समुद्राकडे पाहत राहिला
जणू तिथून कुणी चूक कबूल करील.

गोष्ट तशी लहानच निघाली.
आत एक घड्याळ आहे, वेळ न सांगणारं.
ते नुसतं म्हणतं: आता. आता. आता.
त्याची चाल शंभर; तिला गुणायचं पस्तिसानं.
चालीला हात लावायचा नाही,
तिच्यावर बाकीच्यांचे संसार.
बदलायचा तो गुणक.
"म्हणजे गिअर," ओस्मो म्हणाला.
"जवळजवळ," फोनवर व्हिल्यामी म्हणाला, आणि गप्प झाला.

छत्तीस. अडतीस. चाळीस.
दर पायरीला यंत्र तासभर पळवायचं,
तापमान फेरीच्या जुन्या नोंदवहीत, पेन्सिलीनं,
'वारा' छापलेल्या रकान्यात.
बेचाळीसला एकाहत्तर अंश.
त्रेचाळीसला थोडी वीज वाढवली,
व्होल्टचा विसावा भाग, चिमटीनं मीठ घालावं तशी.
एकोणऐंशी.
रित्वा आतून ओरडली,
"घरात विमान आणलंस काय?"

चव्वेचाळीसला
पडदा काळा.
ना धूर, ना आवाज, ना तळपायाला काही.
डिझेल बंद पडतं ते आधी कण्हून;
हे नुसतंच नव्हतं झालं.
ओस्मोला हात कुठे ठेवावा कळेना.
अकरा सेकंद.
अठ्ठेचाळीस अब्ज 'आता',
जे झालेच नाहीत.

मग यंत्र आपणहून उठलं,
निमूट पस्तिसावर,
एक ओळ दाखवत: मागची सेटिंग पेलली नाही.
पूल झाला तेव्हा त्यालाही असंच पत्र आलं होतं,
जरा सभ्य भाषेत.

तो बेचाळीसवर थांबला.
"त्रेचाळीस पेलतंय की," व्हिल्यामी म्हणाला.
"पेलतंय. पण जुलैत?"

रात्री दिवे घालवून
त्यानं डबा टेबलाखाली सरकवला,
लोकरी मोजा काढला
आणि उघडं पाऊल
त्याच्या पत्र्याला टेकवून बसला.