रिकाम्या खाचा

आउलिक्की पाच महिने थांबली आहे.
"वर्षअखेरीस", कंपनी एवढंच म्हणते.
इकडे तुर्कूत नदी गोठली,
वर्ष काही संपेना.

टेबलाखालचा जुना टॉवर
रेंडरला लावला की जात्यासारखा घरघरतो.
पण खटका ओढला की कूस उघडून देतो.
दोनदा मेमरी वाढवली, एकदा कार्ड बदललं,
चौथी डिस्क तर रात्री दोनला,
दातांत स्क्रू धरून.

नवा म्हणे टाके घालूनच येणार.
हवं ते आत्ताच सांगा, आत्ताच मोजा,
नंतर हात घालायला जागा नाही.
सात वर्षांनी मी काय कापत बसले असेन
हे आज कुणाला ठाऊक,
ती काउकोला विचारते.

काउको लाकडी बोटी दुरुस्त करतो.
कॉफी ढवळत म्हणतो,
"दोन खाचा तर तू कधी भरल्याच नाहीस."

खरं आहे.
ती वाकते, झाकण काढते.
पैसे त्यांचेही मोजले होते.
नऊ वर्षं त्या तशाच,
न आलेल्या पाहुण्यासाठी मांडलेल्या पाटासारख्या.
आणि घर मोठं वाटायचं
ते त्यांच्यामुळेच की काय.

बाहेर स्टॉकहोमच्या बोटीचा भोंगा.
काउकोला उत्तर न देता
ती दोन्ही खाचांवर हळूच फुंकर घालते,
झाकण लावते.