टिटवीची जागा

उंबरजे साहेबांनी यंत्र आणलं ते पाडव्याला.
खोक्यातून कासव निघावं तसं निघालं,
पाठ नारिंगी, पोटाखाली तीन पाती
दाढीच्या ब्लेडएवढी.
साहेब म्हणाले, येमूल, आजपासून हे तुझं.
म्हणजे पुसायचं मी,
फोनवर बघायचं मी,
आणि अडकलं की धावायचंही मीच.

बोरामणीच्या पुढे बारा एकर.
चार एकर डाळिंब, बाकी आंबा, बंगला,
पाहुण्यांसाठी हिरवळ.
झाडांच्या ओळींमधून ते जातं,
टोकाला थांबतं, वळतं, परत येतं.
पहिल्या दिवशी मी नुसता बघत उभा,
आणि हात आपोआप पुढं गेला
तुटलेला धागा धरायला.

तीस वर्षं धोटा असाच बघितला की.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये चार माग माझ्याकडे,
कान त्यांनाच देऊन आलो, उजवा जास्त.
हे मात्र आवाज करत नाही.
शेजारच्या खोलीत कुणी कडक भाकरी चावावी
एवढाच.
याच्या फेऱ्या मी तेलुगूत मोजतो,
ओकटी, रेंडू, मूडू.
मराठीत मोजल्या की चुकतात.

एप्रिलात, पारा त्रेचाळीसच्या वर गेला तेव्हा
भर बाराला ते काम टाकून निघालं.
माझ्यासमोरून, सरळ,
पत्र्याच्या सावलीत जाऊन बसलं.
फोनवर आलं: तापलो आहे. निवलो की सुरू करीन.
साहेबांना दाखवलं.
बसू दे, म्हणाले, बॅटरी महाग असते.
मी कुठं काय म्हणालो.
मला फक्त आमची दुपार आठवली,
कांजीचा वास, पापण्यांवर सुताचा बुरा,
आणि इरेश, जो जेवायला बसावं तसा
मागापुढं खाली बसला आणि उठलाच नाही.
मुकादम आधी त्याच्याकडे गेला
की मागाच्या बटणाकडे,
ते काही केल्या आठवत नाही.

त्याच आठवड्यात मल्लव्वा आली.
विळा कमरेला, दोन शेळ्या फाटकाशी बांधलेल्या.
सात वर्षं इथल्या बांधाचं गवत तिचं होतं.
कुणी लिहून दिलं नव्हतं, पण होतं.
यंत्र गवत कापून ठेवत नाही, चुरा करतं,
आमच्या घरी सुपात बिडीची तंबाखू असते तसा,
आणि तिथल्या तिथं मातीला चारतं.
तिनं मूठभर उचललं, फुंकलं, उडालं.
"ह्याची पेंढी कशी बांधू वो?"
माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघून विचारलं.
ते टोकाला थांबलं, वळलं, परत आलं.

मग टिटवी.
खालच्या अंगाला, आंब्याच्या आळ्याजवळ,
चार अंडी, खड्यांतलेच खडे.
ओरडत ओरडत झेपा घेत होती यंत्रावर,
पण त्याला कोण सांगणार.
त्याच्या यादीत झाड आहे, माणसाचा पाय आहे,
कुत्रं आहे, ठिबकची नळी आहे.
अंडं नाही.
मी फोन काढला,
पोरानं शिकवलं होतं तशी
नकाशावर बोटानं लाल रेघ ओढली.
इथं जाऊ नको.
थोडी मोठीच ओढली गेली.
बोट जाड आहे माझं.

यंत्रानं लगेच ऐकलं.
एवढं तर मी मुकादमाचंही ऐकलं नव्हतं.
रेघेच्या आतलं गवत घोट्याला आलं,
मग पोटरीला, मग गुडघ्याला.
रविवारी साहेब म्हणाले, तिकडं काय राहिलंय रे?
टिटवी, साहेब. अंडी आहेत.
मॅडमना फोटो हवा होता पाहुण्यांना दाखवायला.
लांबूनच घ्या म्हटलं, उठेल ती.

मृग सरला त्यालाही दिवस झाले.
पिल्लं तर अंड्यातून निघाली
त्या दिवशीच पायांवर पळत गेली,
कुठं, ते त्यांना माहीत.
रेघ मी पुसलेली नाही.
दिवेलागणीला यंत्र आपल्या खोपट्यात जाऊन
लाईट असली तर लाईट पितं,
आणि मल्लव्वा मागच्या तारेखालून आत येते.
विळ्याचा आवाज डाव्या कानाला येतो,
खर्र, खर्र.
तो मी मोजत नाही.