चेंबरचं बूच

जिन्सी नाल्यावर रामसेवक कुशवाहांच्या टपरीत
जुन्या पेपरावर दोन वस्तू मांडलेल्या.
एक पितळी व्हॉल्व्ह, चिमुकल्या दांड्याचा.
एक पोलादी बूच, पोटात चुंबक.
दोन्ही चौदाचे, दीडच्या आट्याचे,
भावही जवळपास सारखाच,
म्हणजे पैशाकडे बोट दाखवून सुटता येत नव्हतं.

महिन्यातून चारदा मी बीहडात उतरते,
चंबळच्या वाळूत घडियालांची घरटी मोजायला.
जीप माझी. पगारापेक्षा डिझेल जास्त, असं आई म्हणते.
तेल बदलायचं तर बहुधा तिथेच,
बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत, पाठीखाली पोतं घालून.

व्हॉल्व्हची बाजू मीच मांडली.
पाना नको, कोपरापर्यंत ओघळणारं गरम तेल नको,
धुळीत तांब्याचा वायसर शोधणं नको.
दांडा वळवला की तेल गुमान डब्यात.

"व्हॉल्व्हच घ्या मग," कुशवाह म्हणाले.
त्यांचं मराठी लष्करातल्या गिऱ्हाइकांकडून उचललेलं,
पण त्यात "मग" कधी नसायचं.
आणि मागच्या चैत्रात यांनीच मला
जीपखाली आडवं करून शिकवलं होतं,
की चेंबरखाली काही म्हणजे काही लोंबू द्यायचं नाही.
क्वारीच्या पात्रातले धोंडे
दांडा कुणाचा ते विचारत बसत नाहीत.

मी चुंबकाकडे हात केला
तर त्यांनी ते बूच माझ्याकडे सरकवलं,
पुठ्ठ्याच्या तुकड्याने.
बोटानं नाही.
ज्या माणसानं उभ्या जन्मात हातमोजा घातला नाही.

तेव्हा दिसला, सदऱ्याच्या उघड्या गुंडीतून,
डाव्या हाडाखाली काडेपेटीएवढा उंचवटा,
वर ताजी शिवण.
"दिवाळीत बसवलं. डॉक्टर म्हणतात,
चुंबक हातभर लांब."
आणि लगेच, घाईनं,
"व्हॉल्व्हपण चांगलाच असतो. खाली पत्रा ठोकून देतो."

दुकानात कॉम्प्रेसर एकटाच बोलत राहिला.

मी चुंबक घेतला.
"उघडीन मी. वाचाल तुम्ही."

तसंच ठरलं. दर पाच हजारांना
मी जीपखाली, ते लिंबाखाली, दहा पावलांवर,
हात मागे बांधून, परीक्षेच्या हॉलबाहेरच्या बापासारखे.
"काय लागलंय?"
"काजळासारखं काहीतरी."
"चिमटीत चोळा. टोचतं?"
"नाही."
"मग दळण बारीक आहे. चालू द्या."

एकदा मी विचारलं, आणि जे चिकटत नाही ते?
बेअरिंगचं मऊ पांढरं, पिस्टनचं ॲल्युमिनियम?
लोखंड सोडून चुंबकाला काय कळतं?
कुशवाहांनी इंजिन सुरू करायला लावलं,
मान तिरकी केली,
शेजारच्या वेल्डिंगवाल्याला हातानंच थांबवलं,
आणि इतका वेळ ऐकत राहिले
की मला वाटलं आता काही भलतंच सांगतील.
"पंख्याचा पट्टा सैल आहे," म्हणाले.

परवा बुचावर काजळात एक चमक होती.
नखाच्या कोरीएवढी सळी, कडेला धार.
कागदाच्या घडीत घेतली,
बूच आठवणीनं बॉनेटवर ठेवलं,
आणि गेले लिंबाखाली.

चष्मा पुसला. सळी उन्हात धरली.
नुसत्या बोटांत, बऱ्याच दिवसांनी.
"गाडी किती चाललीय?"
"एक लाख बेचाळीस."
"हं."
"आणि तुम्ही?"
"एकाहत्तर," हसले, "त्यात तीस एक खराब रस्त्यानं."

सळीचं काय ते बोलले नाहीत.
कागदाची घडी खिशात टाकली, उजव्या,
मग दुकानाकडे वळता वळता, माझ्याकडे न बघता:
"वायसर नवा घाला. आणि बूच फार आवळू नका,
चेंबर मऊ असतं."