शेरा

एप्रिलात शाळा सकाळची. साडेदहालाच
तांडापेठेतल्या आमच्या पत्र्यांना ताप चढतो.
डोंगरवार बाबू साठा नोंदवही उघडतात,
बोटाला थुंकी लावून पान उलटतात.
"बाई, जूनमध्ये एकशे चाळीस देल्ले होते.
एकशे एकोणतीस धड हायेत.
अकरांचा शेरा लिहा."

शेऱ्याचा रकाना माझ्या अंगठ्याएवढा.
त्यात मावणारे शब्द आधीच ठरलेले:
गहाळ. फाटले. वाळवी.

आधीच्या बाईंचं बारा वर्षांत एकही हरवलं नव्हतं.
कपाटाला कुलूप, किल्ली त्यांच्या पर्समध्ये,
आणि आत पुस्तकं
नवीकोरी असतानाच म्हातारी झालेली.

अनुक्रमांक सतरा. त्रिशा पराते.
मागायला तिच्या घरी गेले
तर तिचे आबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून,
माग बंद, मांडीवर पुस्तक,
एकेका अक्षरावर बोट थांबत, थांबत.
दुसरीत शाळा सुटलेला माणूस.
"तसं नाही जी आबा, दीर्घ हाय तो, लांबवा!"
ही पोट्टी, जी माझ्या वर्गात
स्वतः 'दिर्घ' लिहिते.
मी चहा घेतला. पुस्तकाचं नाव काढलं नाही.

अनुक्रमांक बावन्न कूलरच्या टाकीत पडलं.
सम्यकनं गच्चीवर वाळवून आणलं,
डबलरोटीसारखं टम्म फुगलेलं, खसचा वास येणारं.
मी काही बोलायच्या आत म्हणाला,
"बाई, नदीचंच पुस्तक होतं ना,
पाणी तं लागनारच."

अनुक्रमांक ऐंशीत वाघाचं पान नाही.
बाबू, ते कुठे आहे मला माहीत आहे.
वेदांग कुंभारेच्या कंपासपेटीत, चार घड्यांत.
जूनपासून हा मुलगा हजेरीलाही
नुसता हात वर करायचा.
फेब्रुवारीत एकदा मधल्या सुट्टीत
त्यानं ती घडी उलगडली
आणि भिंतीकडे तोंड करून वाचलं,
"वाघ एकटा राहतो."
मी दारात उभी होते. आत गेले नाही.

तिघांचं खरंच ठाऊक नाही.
एक बहुधा बकरीनं खाल्लं, असं जुनेद सांगतो,
आणि सांगताना बकरीचं कौतुक करतो.
बाकीच्यांचं विचारू नका, ऊन चढतंय.

शंभराच्या पुढची चौदा मात्र एकदम सुस्थितीत.
सद्वर्तनाची आहेत.
कोपरासुद्धा दुमडलेला नाही.
बाबू त्यांच्यावरून प्रेमानं हात फिरवतात.

मग एकतीस.
हे हरवलं नाही, फाटलं नाही,
पान बारावर तर्रीचा डाग आहे फक्त.
"डाग चालते," बाबू म्हणतात आणि बरोबरची खूण करतात.

ओजस हेडाऊ. त्याच्या आईची पोह्यांची गाडी.
गाडीमागे, रिकाम्या पिंपावर बसून
गिऱ्हाइकांच्या गर्दीत वाचत असणार.
मी सगळ्या वर्गासमोर ते पान उंच धरलं होतं.
म्हणाले होते, पुस्तक आहे की प्लेट?
सगळे हसले. तोही हसला थोडं.
ऑगस्टची गोष्ट. त्यानंतर
शनिवारी कपाट उघडलं की तो
हात पाठीमागे बांधून रांगेच्या बाहेर उभा राहतो,
दुसऱ्यांना सांगतो, हे घे, हे मस्त हाय.

याचा शेरा कुठल्या रकान्यात, बाबू?

घंटा झाली. पोरं चपला शोधतायत.
मी एकतीस घेऊन पायऱ्यांपर्यंत जवळजवळ धावले.
ओजसनं आधी पुस्तकाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे,
मग ते हात चड्डीला पुसू लागला.
म्हटलं, राहू दे.
म्हटलं, सुट्टीभर ठेव. जेवताना वाच.
त्याला पटलं की नाही, कळलं नाही.
पुस्तक मात्र शर्टाच्या आत गेलं.

परत आले तर बाबूंचं पेन तसंच उघडं.
"बाई, म्हणजे आता बारा झाले.
पगारातून कापतीन बरं."
लिहा, म्हटलं.