डॅशबोर्डवरची चार भोकं

कयानीच्या थंडीत लोखंड हाताला चावतं.
म्हणून उजाडण्याआधी शेगडीत बर्चची दोन लाकडं सरकवतो
आणि गॅरेज उबेला येईतो
मर्सिडीजच्या पुढच्या सीटवर बसून राहतो,
इंजिन नसलेल्या गाडीत,
स्टिअरिंगवर हात ठेवून, शहाण्यासारखा.

ब्याऐंशी सालची. डिझेल. टॅक्सी होती.
आयली टिक्कानेनच्या नवऱ्याची. तो गेल्यावर
सात हिवाळे ताडपत्रीखाली.
"न्या," म्हणाली. "फक्त माझ्या दारावरून परत नेऊ नका."
आम्ही मागच्या गल्लीतून ओढून आणली,
दोराच्या एका टोकाला मी, दुसऱ्याला पिह्ला,
आणि रस्ताभर आमचं पटलं नाही.

मला ती होती तशी हवी.
पोरीला पाच सिलिंडरचं टर्बो इंजिन हवं,
खाली बसवलेल्या स्प्रिंगा, रुंद चाकं.
"बाबा, ही गाडी आहे. समाधी नव्हे."
असं म्हणून तिने जॅकच्या जागी पेचकस टोचला,
आणि पत्रा पापडासारखा मोडला.
रस्त्यावरचं मीठ चाळीस वर्षं आत काय करत होतं
ते मग दोघांनी वाकून पाहिलं. भांडण तेवढा वेळ थांबलं.

ती दिवसभर पवनचक्क्यांचे खांब जोडते.
संध्याकाळी इथे, काच खाली ओढून,
तळहाताएवढे तुकडे शिवते. माझे टाके वेडेवाकडे,
तिचे असे की बोट फिरवावंसं वाटतं.
मी बोल्ट डब्यांत घालतो, डब्यांवर नावं लिहितो.
एक बोल्ट तीन दिवस हलला नाही.
तेल पाजलं, आग दाखवली, शिव्या दिल्या.
चौथ्या दिवशी नुसता पाना लावला, तर सुटला.

सीटखाली सापडलं ते असं:
मार्क्काची दोन नाणी, हल्ली कोणी घेत नाही अशी,
एका लहान मुलाचा उजवा हातमोजा,
आणि मेणाच्या खडूंचा वास.
या जुन्या जर्मन गाड्यांना तो येतोच,
का येतो ते मला कोणी सांगितलं नाही.

किलोमीटरचा आकडा ४१८३०६ वर थांबलेला.
आत शेंगदाण्याएवढं प्लास्टिकचं चक्र तडकलेलं.
किती वर्षांपूर्वी, देव जाणे.
म्हणजे त्यानंतरही ती धावली,
दवाखान्यात, स्टेशनावर, लग्नांना, पहाटेच्या दारुड्यांना घेऊन,
एक मीटर पैसे मोजत होता,
दुसऱ्याने मोजणं सोडून दिलं होतं.
नवं चक्र बसवलं. आकडा तिथूनच पुढे सरकेल.
मधलं सगळं खात्याबाहेर.

राहिली ती भोकं.
रेडिओच्या वर, भाड्याचा मीटर जिथे होता तिथे, चार.
मी लांबी कालवली, रंग जुळवला,
दोनदा हात नेला आणि दोनदा
कॉफी प्यायला बाहेर गेलो.
पिह्ला म्हणाली, "टर्बोच्या दाबाचं घड्याळ कुठेतरी लावावंच लागेल."
तिने ते धरून पाहिलं.
दोन भोकांत बसलं, जणू त्यांच्यासाठीच घडवलं होतं.
उरलेली दोन रिकामी.
लांबी तोवर वाटीत दगड झाली होती.

इंजिन तिचं. स्प्रिंगा माझ्या, कारखान्याच्याच उंचीच्या.
चाकांवर अजून बोलणं चालू आहे.

मार्चमध्ये, उणे एकोणीसला, किल्ली फिरवली.
पिवळा दिवा लागला. विझेपर्यंत थांबायचं असतं.
पिह्लाला थांबता येत नाही, तिने माझ्याकडे पाहिलं.
मी तिच्याकडे नाही, घड्याळाकडे.
दिवा विझला.
पहिला धूर निळा, मग पांढरा, मग कसलाच नाही.

"कुठे जायचं?" तिने विचारलं.
मागे कोणी बसलंय का, म्हणून मी वळून पाहिलं.
मग म्हणालो, "मागच्या गल्लीने."