हाताने

जर खालच्या टाकीत पाणी चार फुटांवर
आणि वरची टाकी निम्म्याहून रिकामी,
तर पंप चालू.
जर वरची भरली, तर बंद.
जर दहा मिनिटांत वर काहीच चढलं नाही,
तर बंद, आणि सेक्रेटरीच्या मोबाइलवर निरोप.

असे एकोणीस नियम लिहिले मी
कन्नमवार नगरातल्या आमच्या इमारतीसाठी,
मीटरच्या खोलीत, उपड्या बादलीवर लॅपटॉप ठेवून.
घाडीकाका टॉर्च धरून शेजारी.
"जर-तरवर जग चालता काय रे?"
म्हटलं, काका, पंप तरी चालेल.

तोवर तो त्यांच्या कानावर चालायचा.
पहाटे चार-वीसला महापालिकेचं पाणी आलं की
पाइपाला कान लावून सांगायचे:
आज जोर नाय. बी विंगने चादरी उद्या भिजवा.

मार्चअखेर कमिटीने त्यांचा हिशेब केला.
शाल, पाकीट, कणकवलीचं तिकीट.

परवा सहज मशीनची नोंद उघडली.
तारीख, वेळ, काय झालं, कशामुळे.
नियम चार. नियम चार. नियम अकरा.
अकरा माझा लाडका: साडेबारानंतर जिना काळोखात,
महिन्याला अकराशे रुपये वाचले,
सभेत टाळ्या पडल्या होत्या.

मग मध्येच,
रात्री एक पन्नास, जिन्याचा दिवा चालू.
कारण: हाताने.
एक एकोणसाठ, बंद.
कारण: हाताने.
दर बुधवारी, दर शनिवारी, सात महिने.

चौथ्या मजल्यावरच्या लोंढेबाई
विमानतळावरच्या फरश्या पुसून त्याच रात्री परततात.
नऊ मिनिटं म्हणजे त्यांचे गुडघे, चार मजले.
ऑगस्टमध्ये एकदा सतरा.
तेव्हा पाय मुरगळला होता त्यांचा,
हे मला
आत्ता, आकड्यांवरून कळलं.

विसावा नियम लिहायला बसलो.
जर बुधवार, जर शनिवार, जर लोंढेबाई...
इथे अडलो. त्या आल्या हे
गेटवरच्या कुठल्या सेन्सरला विचारू?

घाडीकाकांना फोन लावला.
"चपलेचो आवाज येता ना तिच्या.
एक पट्टो सैल आसा."
मागे कुठेतरी कोंबडं ओरडलं.
"पंप कसो आसा?"

बरा आहे, म्हटलं. नियमात आहे.

अकरावा पुसून टाकलाय.
कमिटीला अजून सांगितलेलं नाही.