फक्त कामगारांसाठी

पाटीवरचं 'फक्त' गंजून गळालंय,
'कामगारांसाठी' तेवढं उरलंय.
लहानपणी मला ते 'फक्त'च पाठ होतं.
परळच्या वर्कशॉपात उतरणारा पूल, रुंदी चार माणसांची,
पायथ्याला स्टुलावर यल्लप्पा, मांडीवर रूळ.
बिल्ला नसेल त्यानं तिसऱ्या पायरीवर थांबायचं.
मी थांबायचो, डबा दोन्ही हातांत.
आत भाकरी, सुकटीची चटणी,
महिनाअखेरीला नुसतं कुळथाचं पिठलं.
बाबा वरून उतरायचे,
छातीवर बिल्ला, अकराशे सत्त्याऐंशी,
बोटांना ग्रीस, म्हणून डबा कोपरात धरून न्यायचे.

आज ब्लॉक आहे. सव्वाएक ते सव्वाचार.
वरच्या तारांतली वीज बंद, रुळांवर कुत्रं नाही.
मी गॅस कटर, ठेकेदाराचा माणूस.
गळ्यात कार्ड, त्यावर फोटो माझा, नाव कंपनीचं.
चौथ्या पायरीवर पाय ठेवला
आणि उगाच मागे वळून बघितलं.

ज्योत लावली की रंग आधी फुगतो,
मग पापुद्रे सुटतात. वर राखाडी, त्याखाली हिरवा,
त्याखाली पिवळा, कुठल्याशा साहेबाच्या तपासणीपुरता मारलेला,
मग शेंदरी प्रायमर, मग लोखंड,
आणि लोखंडावर कुणा विलायती कारखान्याचं नाव, उलटं बसवलेलं.
काही रिव्हेटांच्या डोक्यांवर घण तिरका बसलाय.
मारणाऱ्याला घाई असेल,
किंवा ताप.

मधल्या गाळ्यात रंग सुटला तशी
कठड्याच्या पट्टीवर पांढरी बोटं निघाली.
तंबाखू मळून झाली की उरलेला चुना इथे पुसायचा, अशी रीत.
बोटांवर बोटं, बोटांवर बोटं.
रंगाऱ्यानंही खरवडली नाहीत,
वरूनच ब्रश फिरवला.

संपाच्या साली मला विषमज्वर झाला.
अकराव्या दिवशी बाबा कामावर गेले.
एकटे. याच पुलावरून.
खाली बायका उभ्या होत्या, कुणी काही फेकलं नाही.
यल्लप्पानं तोंड फिरवलं, एवढंच.
मी वाचलो.
संप मिटला, भोंगा पुन्हा वाजायला लागला,
पूलभर माणसं,
आणि चार माणसांच्या त्या पुलावर
बाबांच्या दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा रिकामी.

किती दिवस?
आई म्हणायची, वर्षभर.
पास्कल फिटर म्हणाला, दोन पावसाळे.
हे त्यानं मला बाबांच्या तेराव्याला सांगितलं, जिलबीला हात न लावता.
बाबांनी कधीच नाही.
आणि हेही सांगितलं, की एका मंगळवारी
बॉयलर शॉपचा हुसेनभाई त्या मोकळ्या जागेत शिरला,
दहा-बारा पावलं गप्प चालला,
आणि समोर बघतच म्हणाला,
'चुना आहे का?'

यातलं बाबांचं बोट कुठलं, हुसेनभाईचं कुठलं,
मला कळायचं काही कारण नाही.
चुन्याला नंबर नसतो.
सुपरवायझर खालून ओरडला, काय झालं रे?
म्हटलं, नोझल चोंदलंय.
नोझल साफ होतं.

मग कापलं.
चुना जळत नाही. लाल लोखंडावर
तो थोडा वेळ जास्तच पांढरा दिसला.
क्रेननं गाळा उचलला, तो हवेत जरासा वळला
वर्कशॉपकडे तोंड करून,
आणि ट्रेलरवर आडवा झाला.
भंगाराचा भाव किलोवर असतो.
चुन्याचं वजन कुणी वजा केलं नाही.

चार दहाला आम्ही मोकळे.
पायथ्याच्या सिमेंटच्या सात पायऱ्या
आमच्या टेंडरात नाहीत, त्या दुसऱ्या ठेकेदाराच्या.
मी तिसरीवर बसलो.
वर चार पायऱ्या, त्यांच्या वर काही नाही.
डबा काढला.
हाताला ग्रीस नव्हतं,
तरी कोपरात धरला.